कोळंबीच्या डिंभांची मोजदाद : प्रकल्प नोंदी

४ डिसेंबर २०२३, कोल्हापूर

प्रकल्पाला आज विभागाची मंजुरी मिळाली, म्हणून ही वही आजपासून सुरू करते. किनाऱ्यालगतच्या समुद्रात आणि खाडीच्या तोंडाशी पिनिड कुळातील कोळंबीचे डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेली पण अजून कोळंबीसारखी न दिसणारी पिल्ले, कोठे, केव्हा आणि किती सापडतात, हा विषय आहे. नमुने देवगडच्या बाजूच्या एका खाडीच्या तोंडापाशी घ्यायचे आणि मोजणी येथे, कोल्हापुरात करायची, अशी कामाची वाटणी ठरली आहे. प्रयोगशाळेतल्या मामांना ती काही पटली नाही. "दर्या तिकडं आन् दुकान हिकडं, हे कसलं काम म्हणायचं?" असे त्यांनी विचारले. मी त्यांना सांगितले, की १९६० ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतल्या जहाजांनी सगळ्या महासागरातून प्लवकांचे, म्हणजे पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीक जिवांचे, नमुने गोळा केले, तेही अखेर कोचीच्या एका इमारतीत आणूनच निवडले गेले. जाळे पाण्यात राहते दहा मिनिटे आणि त्यातून आलेली बाटली टेबलावर राहते दोन-दोन आठवडे. टेबल कोणत्या गावात आहे याने फारसे बिघडत नाही. मात्र जाळे ओढणाऱ्याने बाटलीवर काय लिहिले आणि काय लिहायचे राहिले, यावर बहुतेक सर्व अवलंबून असते.

त्याच मोहिमेतला आणखी एक धडा सुरुवातीलाच लिहून ठेवते. त्या वेळी सर्व जहाजांसाठी एकच प्रमाणित जाळे ठरवले होते. तोंडाचे क्षेत्रफळ १ चौरस मीटर, छिद्र ०.३३ मिलिमीटर आणि ओढ २०० मीटर खोलीपासून सरळ वर. एका देशाच्या जहाजाने मोजलेली संख्या दुसऱ्याच्या संख्येशेजारी ठेवता यावी, हा त्यामागचा हेतू होता. आमचे जाळे ५० सेंटिमीटर व्यासाचे आणि ०.३ मिलिमीटर छिद्राचे आहे. कोळंबीचा नॉप्लियस, म्हणजे अंड्यातून निघालेला पहिला डिंभ, लांबीनेच ०.३ मिलिमीटरच्या आसपास आणि रुंदीने त्याहून कमी असतो. तो या जाळ्यातून बिनधास्त निघून जाणार. त्यामुळे "नॉप्लियस आढळले नाहीत" असे वाक्य या प्रकल्पाच्या अहवालात कोठेही येता कामा नये.

१२ डिसेंबर २०२३

हात बसावा म्हणून आज सकाळी रंकाळ्याचे पाणी आणले. गोड्या पाण्यात पिनिड कोळंबी नसते हे खरे, पण सायक्लॉप्स या बारीक कवचधारी प्राण्याचे नॉप्लियस भरपूर मिळतात आणि ते शिकायला फार उपयोगी आहेत. नाशपतीसारखे अंग, उपांगांच्या तीन जोड्या, समोर एकच डोळा. कोळंबीचा नॉप्लियस याच घडणीचा असतो आणि घाईत पाहिले तर दोन्ही सहज एकमेकांत मिसळतात. समुद्राच्या नमुन्यात यात आणखी एक भिडू असतो, तो म्हणजे खडकांना चिकटणाऱ्या बार्नॅकलचा नॉप्लियस. त्याच्या कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांना शिंगे असतात, त्यामुळे तो तरी पटकन बाजूला काढता येतो.

कोळंबीची सुरुवात नॉप्लियसने होते हेच मुळी बराच काळ कोणाला ठाऊक नव्हते. फ्रित्स म्यूलर या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने ब्राझीलच्या किनाऱ्यावर राहून ते दाखवून दिले आणि १८६४ साली डार्विनच्या बाजूने लिहिलेल्या छोट्या पुस्तकात मांडले. अंड्यापासून पुढच्या सर्व अवस्था, म्हणजे क्रमाने नॉप्लियस, प्रोटोझोइया, मायसिस आणि पोस्टलार्व्हा, टाकीत वाढवून पाहण्याचे काम जपानमध्ये मोतोसाकू हुदिनागा यांनी केले. त्यांचा मोठा निबंध १९४२चा आहे. आपल्याकडे मेनन यांनी 'मेटापिनियस डॉबसोनी' या कोळंबीचे जीवनवृत्त १९५१ साली प्रसिद्ध केले. सरांनी या तिन्हींची टिपणे काढायला सांगितली होती. ती काढून झाली.

२८ डिसेंबर २०२३

बाटल्या, चिठ्ठ्या आणि रसायने यांची तयारी केली. बाजारात मिळणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये फॉर्माल्डिहाइड ३७ ते ४० टक्के असते. त्याचा एक भाग आणि समुद्राच्या पाण्याचे नऊ भाग मिसळले, की मिश्रणात सुमारे ४ टक्के फॉर्माल्डिहाइड उरते. जुन्या नोंदींतले "४ टक्के फॉर्मॅलिन" आणि "४ टक्के फॉर्माल्डिहाइड" हे वेगवेगळे द्रव आहेत आणि त्यांच्यात जवळपास अडीच पटींचा फरक आहे. मागच्या तुकडीच्या दोन बाटल्यांत डिंभांचा लगदा झालेला सापडला, तो बहुधा याच गोंधळातून. फॉर्मॅलिन हळूहळू आम्लधर्मी होते आणि नमुने ठिसूळ करते, म्हणून त्यात टाकणखार घालायचा. विभागातला संपला होता, तो शेवटी वाण्याकडून आणला. चिठ्ठ्या ट्रेसिंग पेपरच्या, मजकूर शिसपेन्सिलीने, आणि चिठ्ठी बाटलीवर न चिकटवता बाटलीच्या आत टाकायची. बॉलपेनची शाई फॉर्मॅलिनमध्ये टिकत नाही.

एक छोटी बाटली ९५ टक्के अल्कोहोलची घेतली आहे. पुढे कधी डीएनए पाहायचा झाला, तर फॉर्मॅलिनमधला नमुना जवळजवळ निरुपयोगी असतो.

११ जानेवारी २०२४, देवगडजवळ

आज मार्गशीर्ष अमावस्या. भरतीची वेळ काढण्याची कोकणातली रीत तिथीच्या पाऊणपटीची आहे. अमावास्येला पंधरा तिथी धरल्या तर सव्वाअकरा. म्हणजे सकाळी सव्वाअकराला आणि पुन्हा रात्री सव्वाअकराला पूर्ण भरती, आणि मधे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी. छापील तक्त्याशी यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण होडीवर बसून ठोकताळा बांधायला तेवढे पुरते.

बेत असा होता, की सकाळच्या भरतीत एक ओढ आणि रात्रीच्या भरतीत तीन ओढी घ्यायच्या. पाणी दोन्ही वेळी चढते आणि फरक फक्त उजेडाचा, म्हणजे तुलना स्वच्छ होईल. प्रत्यक्षात राधानगरीच्या पुढे फोंडा घाटात ट्रक आडवा झाल्यामुळे आम्ही दीड तास अडकलो, धक्क्यावर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते आणि पाणी उतरू लागले होते. पहिली ओढ दुपारी दोनला घेतली, ती ओहोटीत. सकाळची भरती हातची गेली आणि तुलनेत उजेड व ओहोटी एकमेकांत गुंतून बसली. याला दुसरा कोणी जबाबदार नाही. आदल्या रात्री मुक्कामाला येण्याचा आळस मी केला.

दुपारच्या ओढीत जाळ्याच्या तळाशी जे आले ते पाहूनच तांडेलकाका हसले. "ओ बाईनू, भरतीच्या पाण्याबरोबर सुंगटा भितुर येतत. दिसाची तुमका काय गावाची नाय." डिंभ दिवसा खाली जातात आणि अंधार पडला की वर येतात हे आम्ही वर्गात शिकवतो. पण त्यांच्या वाक्यात भरतीचा जो भाग आहे तो अधिक नेमका आहे. मायसिसनंतरची पोस्टलार्व्हा अवस्था, म्हणजे जेमतेम पाच-सहा मिलिमीटरची पण आकाराने पुरती कोळंबी झालेली अवस्था, चढत्या पाण्यात वर येते आणि उतरत्या पाण्यात तळाशी बसून राहते. प्रत्येक भरतीबरोबर ती थोडी थोडी आत सरकते आणि ओहोटीत मागे जात नाही. ज्या जाती वाढीसाठी खाडीत शिरतात त्या अशाच शिरतात, दोन-चार महिने आत वाढतात आणि मोठ्या होऊन परत समुद्रात जातात. आपल्या किनाऱ्यावरची 'पॅरापिनिऑप्सिस स्टायलिफेरा' मात्र या वाटेला जात नाही. तिचे सगळे आयुष्य समुद्रातच जाते.

रात्री आठ, साडेआठ आणि नऊ अशा तीन ओढी घेतल्या. खोली ८ मीटर, ओढ पृष्ठभागालगत, प्रत्येकी दहा मिनिटे, होडीचा वेग सेकंदाला एक मीटरच्या आसपास. अंधार असा, की हातातली चिठ्ठी दिसत नव्हती. जाळे वर घेताना त्यातून पाणी गळायचे तेव्हा मधूनच हिरवट ठिणग्या उठायच्या. प्रवाहमापक, म्हणजे जाळ्याच्या तोंडात टांगलेला छोटा पंखा, त्याचे आकडे मी टॉर्चच्या उजेडात वाचत होते आणि सहकारी विद्यार्थिनी लिहून घेत होती. चौथी ओढ, म्हणजे रात्रीची तिसरी, थोडी लवकर थांबवावी लागली, कारण जाळ्यात चिकट गाळ भरला.

१३ जानेवारी २०२४, कोल्हापूर

बाटल्या सुखरूप आल्या. दिवसभर वर्ग होते, काम झाले नाही.

१७ जानेवारी २०२४

बाटल्यांच्या चिठ्ठ्या वहीत उतरवताना तिसऱ्या ओढीवर सुरुवातीचा आकडा नसल्याचे लक्षात आले. शेवटचा आकडा आहे, ६१२०. सुरुवातीच्या जागी नुसती रेघ.

डिंभ किती मिळाले हे बाटली सांगते, पण किती पाण्यातून मिळाले हे फक्त प्रवाहमापक सांगतो आणि त्याशिवाय संख्येला अर्थ नाही. सुदैवाने यंत्राचा काटा प्रत्येक ओढीनंतर शून्यावर येत नाही. तो पुढे पुढेच जातो. दुसरी ओढ २४१० ते ४३८५ अशी नोंदली आहे, तेव्हा तिसरी ४३८५पासून सुरू झाली असे धरता येते. आमच्या पंख्याच्या एका फेऱ्याला ०.३ मीटर पाणी जाते आणि जाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ ०.१९६ चौरस मीटर आहे. त्यावरून दुसऱ्या ओढीत ११६ घनमीटर पाणी गाळले गेले आणि तिसऱ्या ओढीत १७३५ फेरे म्हणजे सुमारे १०२ घनमीटर.

पण यात एक फट आहे आणि ती मी स्वतः पाहिली आहे. दोन ओढींच्या मधे जाळे काठीला लोंबत असताना पंखा वाऱ्याने गरगर फिरत होता. ते फेरे पाण्याचे नव्हेत. पंधरा-वीस मिनिटांत त्याने शंभर फेरे खाल्ले असे धरले, तर पाणी ९६ घनमीटरवर येते. म्हणजे सहा टक्क्यांची अनिश्चितता. तिसऱ्या ओढीचा आकडा येथून पुढे नेहमी दोन टोके देऊनच लिहायचा असे ठरवले. पुढच्या खेपेला पंख्याला दोन ओढींच्या मधे ओले फडके गुंडाळायचे.

२२ जानेवारी २०२४

तिसरी बाटली उघडली. नमुना बारीक चाळणीत घेऊन नळाच्या पाण्याने धुतला, तरी डोळे चुरचुरायचे थांबत नाहीत, म्हणून खिडकीजवळ बसले. रोझ बेंगाल या रंगाचे दोन थेंब टाकले, की प्राणी गुलाबी होतात आणि गाळ गाळच राहतो. नमुना फोल्सम विभाजकातून तीनदा अर्धा करून आठवा भाग मोजायला घेतला.

या नमुन्यात खरे राज्य कोपेपोडांचे, म्हणजे सायक्लॉप्सच्या गटातल्या प्राण्यांचे आहे. थाळीत सुई कोठेही टेकवली तरी त्यांच्यावरच टेकते. त्यांच्यामधून बाण निशाण्यावर निघाल्यासारखे सरळ, काचेसारखे सॅजिटा, लांब मानेचे ल्युसिफर, खेकड्याचे काटेरी झोइया आणि त्या गर्दीत आपल्याला हवे ते. कोळंबीच्या अवस्था ओळखण्याच्या खुणा पाठ झाल्या आहेत. पहिल्या प्रोटोझोइयाचे डोळे पाठीच्या ढालीखाली असतात, दुसऱ्यात ते देठावर येतात आणि कपाळावर टोक फुटते, तिसऱ्यात शेपटीची बाजूची पाती निघतात. मायसिसला पोटाखालचे पाय नसतात किंवा नुसते कोंब असतात, आणि तो पोहतो तो छातीच्या पायांनी. पोस्टलार्व्हा पोटाखालच्या पायांनी पोहते.

आठव्या भागात मायसिस २३ मिळाले. आठने गुणून १८४. सरांना आकडा सांगितल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "२३चे वर्गमूळ किती?" ४.८. म्हणजे केवळ मोजणीच्या योगायोगानेच हा आकडा २१ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो आणि दोन्ही बाजूंना दुप्पट अंतर धरले, तर १०० घनमीटरमागे १०५पासून २५५पर्यंत काहीही खरे असू शकते. पंख्याच्या सहा टक्क्यांसाठी मी चार दिवस जीव खाल्ला आणि त्याच्या तिपटीहून मोठी चूक आठवा भाग मोजण्याच्या सोयीत आहे, हे आज कळले. उरलेले सात भाग परत बाटलीत एकत्र केले आहेत. सगळी बाटली मोजायची.

२७ जानेवारी २०२४

आजची नोंद थोडी लाजेची आहे, पण लिहिली नाही तर पुढच्या माणसाचीही तीच चूक होईल.

वेगळे काढलेले २३ मायसिस सरांना दाखवायला नेले. त्यांनी भिंग वाढवून पहिल्याचे शेपूट पाहिले, दुसऱ्याचे पाहिले आणि पाचव्याला मला बोलावले. शेपटीच्या आतल्या पात्यात, मुळाशी, एक वाटोळा मणी चमकत होता. बिलकूल काचेच्या गोटीसारखा, भोवती मंद कडे. तो तोल सांभाळण्याचा अवयव असतो, स्टॅटोसिस्ट, आणि शेपटीत तो मायसिडांना असतो. मायसिड हा वेगळाच प्राणी आहे. तो कोणाचा डिंभ नाही, त्याचे प्रौढच एवढे लहान असतात आणि त्यांची मादी पोटाजवळच्या पिशवीत पिल्ले वाढवते. कोळंबीच्या अवस्थेला मायसिस हे नाव पडले तेच मुळी या प्राण्यासारखी दिसते म्हणून. नावाने एकदा फसवले आणि रूपाने दुसऱ्यांदा. २३पैकी ४ मायसिड निघाले.

मग बाकीच्यांचीही झडती घेतली. पोस्टलार्व्हा म्हणून काढलेल्या काहींच्या छातीला चालायच्या पायांच्या शेवटच्या दोन जोड्याच नव्हत्या. तो जवळा, म्हणजे 'ॲसिटिस'. आपल्या किनाऱ्यावर जो सुकवून पोत्यांनी विकला जातो आणि कोल्हापुरात बाजाराच्या दिवशी ज्याचा वास दोन गल्ल्या अलीकडे येतो, तोच. घरी कांद्यावर परतलेला जवळा मी लहानपणापासून खात आले आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो मला ओळखू आला नाही. करंदीच्या गटाचे डिंभ त्या मानाने सोपे गेले. ती अंडी पोटाशी धरून ठेवते, तिची पिल्ले झोइया होऊनच बाहेर पडतात, आणि मोठेपणी पोटाच्या दुसऱ्या कड्याची बाजू पहिल्या आणि तिसऱ्या दोन्ही कड्यांवर येते. पिनिड कोळंबीत ती पहिल्यावर येत नाही.

जाती ओळखण्याचा हट्ट आज सोडून दिला. मायसिसवरून प्रजातीपर्यंत, म्हणजे पिनियस की मेटापिनियस इथवर, काही वेळा जाता येते. त्यापुढे जाण्याचा आव आणला तर ते अंदाजपंचे होईल. अहवालात कुळ आणि अवस्था एवढेच द्यायचे.

१ फेब्रुवारी २०२४

दुपारी अडीच तास वीज नव्हती. खिडकीच्या उजेडात मोजता येते का पाहिले. येत नाही.

६ फेब्रुवारी २०२४

तिन्ही बाटल्या संपूर्ण मोजून झाल्या, मायसिड आणि जवळा वगळून. चौथीतला गाळ निवडण्यापलीकडचा आहे, ती बाजूला ठेवली. तिसऱ्या ओढीत मायसिस १५८, प्रोटोझोइया ६१, पोस्टलार्व्हा ३७. पाण्याच्या दोन टोकांवरून मायसिस १०० घनमीटरमागे १५५ ते १६४ येतात. दुसऱ्या ओढीत मायसिस ९६, म्हणजे १०० घनमीटरमागे ८३. दुपारच्या पहिल्या ओढीत जेमतेम तेवढ्याच पाण्यात मायसिस ६ आणि पोस्टलार्व्हा एकही नाही.

दुसरी आणि तिसरी ओढ एकाच रात्री, एकाच जागी, अर्ध्या तासाच्या अंतराने घेतली होती आणि तरी संख्या जवळपास दुपटीवर गेली. आता पूर्ण मोजणी झाल्यामुळे मोजणीतली चूक आठ-दहा टक्क्यांवर आली आहे, तेव्हा हा फरक टेबलावरचा नाही, पाण्यातलाच आहे. डिंभ समुद्रात साखर विरघळल्यासारखे सारखे पसरलेले नसतात. ते पुंजक्यांनी असतात आणि जाळे पुंजक्यातून गेले की शेजारून, हे ओढणाऱ्याला कळत नाही. त्याखेरीज त्या अर्ध्या तासात भरतीने बाहेरचे नवे पाणी आत आणले. म्हणून एका ओढीचा आकडा हा त्या ओढीचाच आकडा असतो. "या खाडीत १०० घनमीटरला इतके मायसिस असतात" असे लिहायला किमान चार-पाच पुनरावृत्ती लागतील आणि सरासरी काढण्याआधी आकड्यांचे लॉगॅरिदम घ्यावे लागेल, नाहीतर एखादा मोठा पुंजका सगळ्या सरासरीला आपल्याकडे ओढतो.

अवस्थांचे प्रमाण मात्र मला अस्वस्थ करते आहे. डिंभ वाटेत मरत जातात, त्यामुळे लहान अवस्था जास्त आणि मोठ्या कमी, अशी उतरंड दिसायला हवी. येथे प्रोटोझोइया मायसिसच्या निम्म्याहूनही कमी आहेत. पहिला प्रोटोझोइया साधारण एक मिलिमीटर लांब पण अंगाने बारीक असतो, तेव्हा काही जाळ्यातून निसटले असणार, हे एक कारण. दुसरे असे, की अंडी येथे घातलीच गेली नसावीत. उबदार पाण्यात अंडे बारा ते अठरा तासांत फुटते, नॉप्लियस काही न खाता अंगातल्या पिवळ्या बलकावर दीड-दोन दिवस काढतो, प्रोटोझोइया चार-पाच दिवस आणि मायसिस तीन-चार दिवस. म्हणजे पोस्टलार्व्हा होईपर्यंत दीड-दोन आठवडे तो पाण्याबरोबर वाहत असतो. प्रवाह सेकंदाला अवघा ५ सेंटिमीटर असला, तरी दिवसाला ४.३ किलोमीटर आणि चौदा दिवसांत ६० किलोमीटर होतात. कोल्हापुरातून निघून सांगली ओलांडण्याइतके. आमच्या जाळ्यातल्या मायसिसची आई कदाचित कधीच देवगडसमोर नव्हती.

आणि हे ६० किलोमीटरही सरळ रेषेत धरायचे नाहीत. वरच्या थरातले पाणी एका दिशेला आणि तळाजवळचे दुसऱ्या दिशेला जात असेल, तर रात्री वर आणि दिवसा खाली राहणारा डिंभ त्यांपैकी कोणाच्याच मागे जात नाही. त्याची वाट त्या दोघांच्या बेरजेने ठरते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, कार्पेंटारियाच्या आखातात, रॉथलिसबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली नेमके हेच गणित मांडले. डिंभाच्या वर-खाली होण्याची वेळ आणि भरती-ओहोटीची वेळ यांचा मेळ बसला, तर तो किनाऱ्याकडे येऊ शकतो आणि नाही बसला तर बाहेर राहतो. आमच्याजवळ पृष्ठभागाखालच्या पाण्याची एकही ओढ नाही. या गणितात घालायला आम्ही काहीच आणलेले नाही.

१७ फेब्रुवारी २०२४, देवगडजवळ

जानेवारीतली गाठ सोडवायला आज मुद्दाम माघ शुद्ध अष्टमी निवडली आणि यावेळी काल रात्रीच मुक्कामाला आलो. अष्टमीला तिथीची पाऊणपट सहा. म्हणजे दुपारभर भरती, संध्याकाळी सहाला पाणी पूर्ण आणि अंधार पडल्यावर ओहोटी. अमावास्येच्या नेमके उलट. दुपारी चारची ओढ उजेडातल्या भरतीची आणि रात्री आठची अंधारातल्या ओहोटीची. जानेवारीत तुलनेच्या तक्त्यातली हीच दोन घरे रिकामी राहिली होती.

भांगाची भरती असल्याने पाण्याला ओढ कमी होती. तांडेलकाकांनी चारच्या ओढीला कपाळावर आठी घातली, पण जाळे ओढून दिले. दोन ओढींच्या मधे पंख्याला फडके गुंडाळले. सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा आम्ही दोघींनी वेगवेगळ्या वहीत लिहिला.

आठला वर पाहिले तेव्हा अर्धा चंद्र लख्ख डोक्यावर होता. अमावास्येला अंधार पूर्ण होता, आज नाही. एक गाठ सोडवताना दुसरी मारली गेली.

२३ फेब्रुवारी २०२४, कोल्हापूर

अष्टमीच्या दोन्ही बाटल्या मोजल्या. उजेडातल्या भरतीत मायसिस ९ आणि पोस्टलार्व्हा २. अंधारातल्या ओहोटीत मायसिस ७० आणि पोस्टलार्व्हा ४. गाळलेले पाणी दोन्हींत जवळपास सारखे आहे. मायसिस अंधाराचे ऐकतो, मग पाणी कोणत्याही बाजूला जात असो. पोस्टलार्व्हाला अंधार आणि भरती दोन्ही लागतात असे दिसते, कारण ती दोन्ही जुळली होती ती जानेवारीतली रात्रच आणि ३७ मिळाल्या त्या तेव्हाच. मात्र प्रत्येक घरात एक-दोन ओढी आहेत, आणि चंद्र, उधाण, महिना हे सर्व बदललेले आहे. शिवाय दिवसा जाळे दिसते आणि मोठे डिंभ त्याला चुकवतात, तेव्हा दिवसाच्या कमी आकड्यात काही वाटा या चुकवण्याचाही असणार. सरांनी मसुद्यातले "सिद्ध होते" खोडून "सूचित होते" केले. त्यावर थोडा विचार करून मी ते वाक्यच काढून टाकले आणि तक्ता तसाच ठेवला.

तक्त्यात प्रत्येक ओढीसमोर तारीख, तिथी, घड्याळी वेळ, भरती की ओहोटी, जाळ्याचे छिद्र, ओढीची खोली, गाळलेले पाणी, आणि मोजणी पूर्ण बाटलीची की भागाची, असे रकाने केले आहेत. डिंभांची संख्या सर्वांत शेवटी.

जून आणि जुलैचे रकाने रिकामेच राहतील. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि त्या समुद्रात आमच्या होडीला जाताही येणार नाही. त्या घरांत शून्य न घालता आडवी रेघ मारायची, हे विद्यार्थिनीला दोनदा सांगितले.

२६ फेब्रुवारी २०२४

मार्चच्या फेरीसाठी तांडेलकाकांशी फोनवर बोलणे झाले. मी ८ तारीख म्हटली. त्यांनी लगेच नाही म्हटले. त्या दिवशी महाशिवरात्र, कुणकेश्वराची यात्रा, होडीला माणूस मिळणार नाही. १० तारखेला अमावस्या आहे, रविवारही आहे. ९च्या रात्री मुक्काम, १०ला सकाळी दहाला उजेडातल्या भरतीची ओढ, दुपारी दोनला उजेडातल्या ओहोटीची, रात्री साडेआठपासून अंधारातल्या भरतीच्या पाच, आणि जमल्यास मध्यरात्रीनंतर पाणी उतरू लागल्यावर दोन. तळाजवळून ओढायला जाळ्याला वजन लागेल. ते आपल्याकडे आहे, असे काका म्हणाले. मामांकडे बारा बाटल्या आणि टाकणखाराची पुडी काढून ठेवायला सांगितले आहे.